हात दुखतो म्हणजे नेमकं कुठे, केव्हा आणि कशाने?



"मॅडम, हात दुखून राहिला." पहिली ते चौथीच्या कुठल्याही वर्गात शुद्धलेखन सुरू करा, दहा मिनिटांत हे वाक्य ऐकू येतंच. आपलं उत्तरही ठरलेलं असतं, "लिहायचं म्हटलं की बरा दुखतो!" घरी गेल्यावर आजी म्हणते वात आहे, बाबा म्हणतात मोबाइल कमी कर, आणि शेजारच्या काकू तेल गरम करून आणतात. चौघांनी चार उपाय सांगितले, पण "बाळा, कुठे दुखतं ते बोट लावून दाखव" असं एकानेही म्हटलं नाही.

मी सीताबर्डीच्या भागात प्राथमिक वर्गांना शिकवते. आमच्या बर्डीवर हातावर पोट असलेली माणसं फार. मोदीच्या गल्ल्यांमध्ये दिवसभर साड्यांच्या घड्या घालणारी मुलं, शिलाई मशीनवर बसणारे टेलर, फूल बाजारात हार गुंफणाऱ्या बाया, आणि मराठी ३०, इंग्रजी ४० च्या परीक्षेसाठी टायपिंगच्या क्लासला बसलेले तरुण. यातल्या अनेकांची मुलं आपल्या वर्गात असतात. म्हणून पालकसभेत हातदुखीचा विषय निघाला की तो मुलांपुरता राहत नाही. आईच पदर सावरत हळूच म्हणते, "मॅडम, माझाही अंगठा लय दुखते, पोळ्या होत नाही." दोघींचाही हात दुखतो, पण आईचं कारण वेगळं आणि लेकीचं वेगळं.

मी डॉक्टर नाही, आणि या लेखात औषधाची चिठ्ठी मिळणार नाही. पण तक्रार नीट ऐकणं हे शिक्षकाचं आणि पालकाचं काम आहे. कुठे दुखतं, केव्हा दुखतं, काय करताना दुखतं आणि सोबत सूज, ताप किंवा मुंग्या आहेत का, एवढं विचारलं तरी अर्धं कोडं सुटतं. उरलेलं डॉक्टर सोडवतील.

आधी हाताची रचना बघू

हा भाग तुम्ही परिसर अभ्यासाच्या तासाला वर्गातही घेऊ शकता. मुलांना सांगा, डावा हात उजव्या कोपराच्या थोडा खाली, जिथे मांसल भाग आहे तिथे ठेवा आणि आता उजव्या हाताची बोटं पटापट हलवा. हललं ना काही तरी आत? मुलं ओरडतातच, "मॅडम, हे तर इथं हलून राहिलं!" बोटांमध्ये स्वतःचे स्नायू नाहीत. बोटं वाकवणारे मोठे स्नायू कोपराखाली बसलेले आहेत, आणि तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा मनगटातून बोटांच्या टोकापर्यंत गेल्या आहेत. कठपुतळीवाला वरून दोरी ओढतो आणि खाली बाहुली नाचते, तसं हे आहे. त्यामुळे बोटांनी फार काम केलं की दुखणं कधी कोपराशी, कधी मनगटाशी निघतं. जिथे दुखतं तिथेच बिघाड असेल असं नाही.

एका हातात मनगटापासून बोटांपर्यंत २७ हाडं असतात. मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांत १४. शरीरातल्या २०६ हाडांपैकी ५४ म्हणजे पाव हिस्सा तर दोन पंजांतच आहे!

आता आपल्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या कामाची गोष्ट. जन्माच्या वेळी मनगटातलं एकही हाड पक्कं झालेलं नसतं, तिथे नुसती मऊ कूर्चा असते. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडं आकार घेऊ लागतात, मग वर्षागणिक एकेक. शेवटचं, वाटाण्याएवढं आठवं हाड बहुतेक मुलांत ९ ते १२ वर्षांच्या दरम्यान तयार होतं. म्हणून मुलाच्या हाडांचं वय बघायचं असेल तर डॉक्टर मनगटाचाच एक्स-रे काढतात. पहिलीच्या मुलाचं मनगट असं अजून बांधकाम सुरू असलेलं घर आहे, आणि आपण त्याच्याकडून पानभर "अ" एका रेषेत मागतो.

लिहिताना दुखणारा हात

मुलं लिहीत असताना वर्गात एक फेरी मारा आणि अक्षर न बघता फक्त बोटं बघा. काहींची नखं पेन्सिलवर दाबून पांढरी पडलेली दिसतील. काहींची पेन्सिल इतकी झिजलेली असते की ती धरायला मूठच वळावी लागते. काहींच्या वहीचं मागचं पान हाताला खरबरीत लागतं, इतकं दाबून लिहिलेलं असतं. ही मुलं खोटं बोलत नसतात. दहा मिनिटं मूठ आवळून बसा, मोठ्या माणसाचाही हात भरून येतो.

उपाय फार साधे आहेत. पेन्सिल किमान बोटभर लांब हवी. पातळ पेन्सिलीला रबराची किंवा कापडाची गुंडाळी केली की पकड सैल होते. सतरंजीवर बसून मांडीवर वही ठेवली की मनगट वाकडं होतं, त्यापेक्षा छोटा पाट किंवा दप्तराचा आधार बरा. पाटीवर तर पेन्सिल दाबल्याशिवाय उमटतच नाही, म्हणून पाटीवरचं लेखन थोडं आणि मोठ्या अक्षरांत ठेवावं. तीन बोटांचीच पकड हवी असा हट्ट मात्र नको. चार बोटांनी धरूनही मूल न थकता, वाचता येईल असं लिहीत असेल तर त्याला तसंच लिहू द्यावं.

लेखनाआधी हात तयार करणं महत्त्वाचं. माती मळणं, कागद फाडून चिकटवणं, मणी ओवणं, शेंगा सोलणं, कपडे वाळत घालताना चिमटे लावणं, या सगळ्यांत बोटांना तीच ताकद मिळते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पानं, बिया, खडे घेऊन बालवाडी चालवली. आपल्या शाळेला साहित्यासाठी अनुदान मिळालं नाही म्हणून हे काम अडत नाही.

आणि एक स्पष्ट बोलते. "शंभर वेळा लिहून आण" ही शिक्षा बंद व्हायला हवी. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. शंभर वेळा लिहिण्यात छडी दिसत नाही, पण मार हातालाच बसतो आणि वर लेखनाची नावड कायमची लागते.

तिसरी-चौथीपर्यंतही मूल बोलून सगळं उत्तर देतं, पण लिहायला बसलं की हात दुखतो म्हणतं, अक्षरं उलटसुलट होतात आणि ओळी घसरतात, तर तिथे आळस न बघता लेखन-अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. प्रमाणपत्र असेल तर पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळतो, हे अनेक पालकांना माहीतच नसतं.

दप्तराचंही ओझं हातात उतरतं. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. म्हणजे २० किलोच्या मुलाला २ किलो. एकदा वर्गात वजनकाटा आणून बघाच. एका खांद्यावर लटकवलेल्या अरुंद पट्ट्याने खांद्याजवळच्या नसा दबतात आणि बोटांना मुंग्या येतात. मूल हात झटकत राहतं आणि आपण म्हणतो चाळे करतो.

ओढलेला हात आणि पडलेला हात

शनिवारी संध्याकाळी व्हरायटी चौकात उभं राहून बघा. एका हातात पिशव्या, दुसऱ्या हातात पोर, सिग्नल सुटायला आला, आणि आई-बाबा पोराचा हात खसकन वर ओढतात. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलाचं कोपर अशा झटक्याने सरकू शकतं. कोपरातलं एक हाड ज्या कड्यात बसलेलं असतं ते कडं या वयात सैल असतं. मूल एकदम रडतं, मग तो हात अंगाला धरून लोंबता ठेवतं आणि त्या हाताने बिस्किटही घेत नाही. सूज काहीच दिसत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं नाटक करतंय. डॉक्टर एका हलक्या हालचालीत ते बसवतात आणि थोड्याच वेळात मूल खेळायला लागतं. घरी मात्र ओढून बघायचं नाही. दोन हात धरून मुलाला गरगर फिरवण्याचा खेळही या वयात नकोच. उचलायचं असेल तर काखेत हात घालून उचलावं.

शाळेत पडझड तर रोजची. तळहातावर पडलं की जोर मनगटावर येतो. मुलांची हाडं कोवळ्या फांदीसारखी असतात. ती कधी एका बाजूने चिरतात, पण वाकडी दिसत नाहीत. बोटाने दाबल्यावर एका ठराविक जागी फार दुखत असेल, सूज असेल, मूल हात वापरत नसेल, तर एक्स-रे हवाच. हात पट्टीच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या आधाराने स्थिर ठेवा, गळ्यात झोळी बांधा आणि दवाखान्यात न्या. हाडवैद्याकडे नेऊन मालिश करून घेणं, ओढून बसवणं, घट्ट बांबूच्या पट्ट्या आवळणं यात खरा धोका आहे. बांधल्यावर बोटं निळसर-पांढरी पडली, गार झाली किंवा दुखणं वाढतच गेलं तर बंधन लगेच सैल करून दवाखाना गाठायचा. तिथे रात्र काढायची नाही.

संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने कापलेली बोटं येतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी नागपुरात तो दरवर्षी सापडतोच. बोट कापलं असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि मुलाला त्या बोटाचं टोक वाकवायला सांगा. वाकत नसेल तर आतली दोरी, म्हणजे कंडरा तुटलेली असू शकते. नुसते टाके घालून ते भागत नाही.

आपल्या विदर्भात हे माहीत हवंच: सिकलसेल

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिकडे येते. पुण्या-मुंबईच्या आरोग्य सदरात हातदुखीची कारणं वाचली तर त्यात हे नाव सहसा येत नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या शिक्षकाला मात्र ते टाळता येत नाही.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. बारीकशा रक्तवाहिनीतूनही त्या दुमडून निघून जातात. सिकलसेल असलेल्यांच्या शरीरात प्राणवायू किंवा पाणी कमी झालं की या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात. मग त्या बारीक नळ्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथे प्रचंड दुखायला लागतं. बाहेरून जखम दिसत नाही, आणि कितीदा सूजही नसते.

बाळ पाच-सहा महिन्यांचं होईपर्यंत जन्मतःचं हिमोग्लोबिन त्याला सांभाळतं. त्यानंतर दोन वर्षांपर्यंतच्या काळात कितीतरी बाळांमध्ये या आजाराची पहिली खूण हातापायांवरच दिसते. दोन्ही पंजे, पावलं सुजतात, बोटं फुगीर होतात, हात लावला की बाळ किंचाळतं. घरचे म्हणतात काही चावलं असेल, कोणी दृष्ट काढतं. तुमच्या घरात किंवा अंगणवाडीत असं बाळ दिसलं तर एकच सांगा, रक्त तपासा. मूल मोठं झालं की दुखणं पंज्यांपुरतं राहत नाही. दंड, मांड्या, पाठ, पोट, छाती कुठेही उठतं.

हा आजार जन्मतः, आईवडिलांकडून येतो. एकाकडूनच दोष आला तर मूल वाहक असतं, त्याला सहसा त्रास होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. "पहिलं बाळ आजारी झालं, म्हणजे आता पुढची तीन सुटली" हा हिशोब चुकीचा आहे. दर वेळी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात. आजार शिवल्याने, डबा वाटून खाल्ल्याने, एका बाकावर बसल्याने होत नाही. विदर्भात आदिवासी आणि दलित समाजांत त्याचं प्रमाण जास्त आढळतं, आणि नेमकं म्हणूनच कितीतरी पालक शाळेत सांगायला कचरतात. सांगितलं तर पुढे लग्नाला अडचण येईल ही भीती असते. तेव्हा माहिती मिळाली तर ती वर्गात जाहीर करायची नाही, फक्त वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांपुरती ठेवायची.

भारतात हा आजार पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. २०२३ च्या १ जुलैला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. आधी एक साधी चाचणी आणि ती संशयास्पद आली तर पक्की चाचणी, सरकारी दवाखान्यात हे मोफत होतं. जागतिक सिकलसेल दिन १९ जूनला असतो. पण तेव्हा आपल्याकडे उन्हामुळे शाळा उघडलेल्याच नसतात, म्हणून तो कार्यक्रम राज्याच्या परिपत्रकात होतो आणि आपल्या शाळेत राहून जातो. जुलैमध्ये घ्या ना! तारखेपेक्षा तपासणी महत्त्वाची.

वर्गात आपण काय करू शकतो? अशा मुलाची पाण्याची बाटली त्याच्या बाकावर असू द्या. तास सुरू असतानाही पाणी प्यायला आणि लघवीला जायला परवानगी द्या. या मुलांना लघवी जास्त वेळा लागते, त्यात उनाडपणा नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सकाळच्या परिपाठाला त्याला उघड्या मैदानावर कुडकुडत उभं करू नका, स्वेटरचा रंग गणवेशाचा नाही म्हणून काढायला लावू नका. मार्च-एप्रिलच्या उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. "हात दुखतो" म्हणालं तर गरम कपडा, पाणी, विश्रांती द्या आणि घरी फोन करा. बर्फ लावू नका, गारठ्याने त्रास वाढतो. ताप आला, छातीत दुखलं, दम लागला, हातपाय लुळे पडले किंवा डोळे-ओठ फिके दिसले तर तो तातडीचा प्रसंग. तेव्हा घरच्यांची वाट बघत बसण्यापेक्षा १०८ ला फोन करा.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत त्यात सिकलसेलही आहे. त्यामुळे गैरहजेरी जास्त म्हणून या मुलांना टोमणे मारण्यापेक्षा राहिलेला अभ्यास घरी पाठवणं हे आपलं कामच आहे. जे मूल महिन्यातून चार दिवस हात दुखतो म्हणून घरी राहतं आणि पाचव्या दिवशी हसत खेळत येतं, त्याच्याबद्दल स्टाफरूममध्ये काय बोललं जातं ते आपल्याला माहीत आहे.

मुलांची आणखी दोन कारणं

घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मूल म्हणतं कोपर दुखतं, दोन दिवसांनी ते बरं होतं आणि गुडघा धरतो, मग मनगट. असं सांध्यांमधून फिरणारं दुखणं ताप घेऊन आलं तर तो संधिज्वर असू शकतो. त्याचा खरा मार हृदयाच्या झडपांवर बसतो. वेळेत ओळखला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनांनी पुढचं नुकसान टळतं. म्हणून "फिरतं दुखणं म्हणजे वात" असं म्हणून सोडू नका.

दुसरं म्हणजे मुलांनाही खराखुरा सांध्यांचा आजार होतो. सकाळी उठल्यावर बटण लावता येत नाही, डबा उघडत नाही, आणि दुपारी सगळं ठीक! सहा आठवड्यांहून जास्त असं चाललं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. "वाढीचं दुखणं" बहुतेक वेळा पायांत, संध्याकाळी किंवा रात्री होतं. हात, आणि तोही सकाळी आखडत असेल तर त्याला वाढीचं दुखणं म्हणू नये.

आता आपल्या हातांकडे

फळ्यावर हात वर धरून लिहायचं, मग साठ वह्या तपासायच्या, मग माहिती ऑनलाइन भरायची, आणि घरी जाऊन कणीक मळायची. शिक्षिकांच्या हाताला सुट्टी नसते. (शिक्षक बंधूंनी रागावू नये, कणीक तुम्हीही मळू शकता.)

रात्री मध्येच जाग येते, अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट बधिर झालेली, हात झटकला की बरं वाटतं. करंगळी मात्र ठीक. हे मनगटातल्या बोगद्याचं दुखणं. तिथल्या अरुंद जागेतून ९ कंडरा आणि एक मोठी नस जाते. सूज आली की नस दबते. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते, म्हणून ती सुटते. गरोदरपण, थायरॉइड, मधुमेह यांत हे जास्त होतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधला तर सुरुवातीला बराच आराम पडतो. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा बसायला लागला तर मात्र उशीर करू नका, कारण नस फार काळ दबली की हातातली ताकद परत येत नाही.

अंगठ्याच्या बाजूने मनगटावर दुखतं, बाळाला उचलताना, कपडे पिळताना कळ येते, तर ते अंगठ्याच्या कंडराच्या आवरणाची सूज. स्विस डॉक्टर डी क्वेर्वेन यांनी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव त्याला आहे. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत हे फार दिसतं. बाळाला अंगठा ताणून काखेत धरून उचलण्यापेक्षा तळहात खाली घालून, दोन्ही हातांनी कवेत घेऊन उचलावं. मोबाइलवर एका अंगठ्याने लांबलचक मेसेज लिहिणाऱ्यांनीही हे वाचावं.

सकाळी बोट वाकलेलंच राहतं आणि दुसऱ्या हाताने सरळ केलं की "कट्" असा आवाज होतो, तो खटक्याचा प्रकार. मधुमेह असणाऱ्यांत जास्त. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखतं आणि भरलेली बादली उचलवत नाही, त्याला टेनिस एल्बो म्हणतात. आपल्याकडे टेनिस न खेळणाऱ्यांनाच तो जास्त होतो. मानेपासून निघून दंडातून बोटांपर्यंत विजेसारखी कळ जात असेल तर बिघाड मानेत असतो आणि हाताला कितीही मलम लावलं तरी उपयोग नाही.

आता "वात" या शब्दाबद्दल. बोलताना आपण सगळ्यालाच वात म्हणतो, पण संधिवात आणि आमवात यांत फरक करायला हवा. संधिवातात सांध्यांची झीज होते, वय वाढल्यावर बोटांच्या टोकाच्या सांध्यांवर गाठी येतात, अंगठ्याच्या बुडाशी दुखतं, बरणीचं झाकण उघडत नाही. सकाळचा ताठरपणा थोड्याच वेळात जातो. आमवातात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करतं. दोन्ही हातांच्या मुठीचे सांधे सुजतात, सकाळी तासभर किंवा जास्त मूठ वळत नाही. तरुण बायकांनाही होतो. इथे पहिले काही महिने मोलाचे. औषध लवकर सुरू झालं तर बोटं वाकडी होत नाहीत. तीन-चार वर्षं तेल, लेप, दुखण्याची गोळी यांत गेली तर गेलेला सांधा परत मिळत नाही. आणि ज्या घरात तोच हात मशीन चालवतो, तिथे सांध्यासोबत शिलाईची मजुरीही जाते.

तापानंतर आलेलं दुखणं नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. २००६ आणि २०२४, दोन्ही वेळा चिकनगुनियाने इथे घरोघरी माणसं आडवी केली. हे नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं आहे, अर्थ साधारण "वाकवून टाकणारा". ताप आठवड्यात जातो, पण मनगटं आणि बोटं महिनोन्‌महिने दुखू शकतात. ताप असताना डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी दुखण्याची गोळी मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो.

हात दुखतच नसेल तर?

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या, बोटं आकडल्यासारखी, अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा आणि त्या चट्ट्यावर स्पर्शच कळत नाही. तव्याचा चटका बसला तरी समजलं नाही. ही कुष्ठरोगाची लक्षणं असू शकतात. १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला आणि १९४९ मध्ये वरोऱ्याला आनंदवनात ज्या आजाराच्या माणसांसाठी आपल्या भागात काम उभं राहिलं, तोच हा आजार. तो संपलेला नाही, पण आता सहा किंवा बारा महिन्यांच्या मोफत औषधाने पूर्ण बरा होतो. लवकर गेलं तर बोटंही वाचतात. आरोग्य तपासणीच्या दिवशी मुलांच्या चट्ट्यांना "जंत असतील" म्हणून सोडण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

दोन्ही हातांना आणि दोन्ही पायांना सारख्याच मुंग्या येत असतील तर मधुमेह आणि बी-१२ तपासून घ्यावं. आणि मोठ्या माणसाला छातीत दाब, घाम आणि डावा हात भरून येणं एकदम झालं, किंवा अचानक एका हाताची ताकद गेली, बोलणं अडखळलं, तर तिथे बाम शोधू नका. लगेच १०८.

डॉक्टरांकडे जाताना

मेडिकल असो, मेयो असो की गल्लीतला दवाखाना, गर्दीत डॉक्टरांना तुमच्यासाठी मोजकीच मिनिटं असतात. "हात दुखतो" म्हटलं तर ती प्रश्न विचारण्यातच जातात. म्हणून आधी आठवडाभर वहीच्या एका पानावर नोंद ठेवा. मुलासाठी असेल तर हाताचं चित्र काढा आणि त्यालाच दुखरी जागा रंगवू द्या. पहिलीतलं मूलही हे बरोबर करतं. खाली एक नमुना देते, तुमच्या वर्गाच्या पालक गटावर पाठवायला हरकत नाही:

"वय ७ वर्षं. उजवं मनगट, अंगठ्याकडची बाजू. दहा दिवसांपासून. सकाळी उठल्यावर जास्त, दुपारी कमी. पडलेला नाही. ताप नाही, मागच्या महिन्यात घसा दुखला होता. सूज थोडी. मुंग्या नाहीत. या आधी पायही दुखला होता, दोन दिवस. सिकलसेलची तपासणी झालेली नाही. घरी तेल लावलं, गोळी दिली नाही."